डोळे कुणाचे कुणाला आले

चवथीला गावच्या घरी सगळा गोतावळा जमतो, न्हाणी एकच, दोरीवरचा टॉवेल कुणाचा ते देवालाच ठाऊक, त्यात म्हापशाहून आलेल्या एखाद्या पोराचे डोळे लाल असले की झालं, विसर्जनापर्यंत अर्धं घर गॉगल लावून आरतीला उभं. आणि तरी कुणीतरी सांगतंच, त्याच्या डोळ्यांत बघू नको हां, तुझे पण येतील. अरे बघून कसे येतील? व्हायरस जातो हातातून. पोरगं डोळा चोळतं, तोच हात नळाला, कडीला, मोबाईलला, मग आरतीला वाजवायच्या घुमटावर. बायकांची फुगडी तर हातात हात घालूनच, वर घाम आला की तोच हात डोळ्यांना. आणि खुद्द आरती घेणं बघा ना, तळवे ज्योतीवरून फिरवायचे आणि थेट डोळ्यांना लावायचे, तेवढ्या क्षणभराच्या उबेने काय मरतंय! आरती घेऊ नका असं मी म्हणत नाही (म्हटलं तर आजी घरात घेणार नाही), पण डोळे आलेल्याने लांबूनच हात जोडावेत एवढंच.

यातला एक प्रकार भारी वेगवान. 1969 मध्ये घानात त्याची मोठी साथ आली, तेव्हाच अपोलो 11 चंद्रावर उतरलेलं, म्हणून लोकांनी रोगालाच अपोलो म्हणायला सुरुवात केली. 1971 मध्ये बंगालात तोच, बांगलादेश युद्धातल्या घोषणेवरून, 'जय बांगला' झाला. हा एक-दोन दिवसांत उमटतो, म्हणजे पाच दिवसांच्या गणपतीत आरामात दोन फेऱ्या. दुसरा, अॅडिनोव्हायरसचा, कधी आठवडा तर कधी त्याहून जास्त घेतो, मग माणूस वास्कोला परत जाऊन ऑफिसातल्या लोकांच्या नावाने बोटं मोडतो.

मला मजा वाटते ती डोळे कुणाच्या मागून कुणाला आले ते बघण्यात. आमच्याकडे थोरली काकी आणि धाकटी काकी माडांच्या वाटणीवरून बोलत नाहीत, चुली वेगळ्या, पाटसुद्धा लांब लांब. एका चवथीला धाकटीच्या मुलाचे डोळे आले आणि त्याच्यानंतर थेट थोरलीचे, मध्ये कुणाचेच नाहीत! मागून कळलं, पहाटे सगळे झोपलेले असताना चिकटलेल्या पापण्या कोमट पाण्याच्या कापसाने सोडवायला तो मागीलदारी तिच्याकडेच जायचा. भांडण अजून चालूच आहे म्हणा.

तसं एका घरात राहणाऱ्यांच्या पोटातले जिवाणूसुद्धा हळूहळू एकमेकांसारखे होत जातात, आईचे तर बाळाला जन्मताना आणि नंतरही मिळत राहतात, आणि त्यातले बरेचसे उपयोगाचेच. अल्सरवाला हेलिकोबॅक्टर पण बहुतेकदा लहानपणी घरातूनच येतो. म्हणजे जमिनीची वाटणी कोर्टात अडकली तरी ही वाटणी बिनबोभाट चालूच.

पण आमचे धाकटे काका म्हणजे कहर. कुठल्याशा फार्मसीतून अँटिबायोटिक ड्रॉप्स आणायचे आणि तीच एक बाटली घेऊन घरभर फिरायचे, ये रे, वर बघ, आणि बाटलीचं टोक प्रत्येकाच्या पापणीला टेकवत टेकवत पुढे. त्या औषधाने व्हायरसला काही होत नाही, उलट त्याला घरपोच सेवा मिळते. यंदा ती बाटली मी गणपतीच्या डोक्यावर फळं-नारळ टांगतात त्या माटोळीच्या वर, नारळांच्या मागे सरकवून ठेवलीय, काका अजून फ्रीजमध्येच शोधताहेत.