आमची वाटचाल : साताऱ्यातलं दुकान, कांगड्याची हिरवी पत्ती

सुट्या चहाचं दुकान वडिलांनी काढलं. ममरी (दाणेदार चहा) आणि डस्टवर (चहाची भुकटी) घर चाललं, बहिणींची लग्नं झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते हिरव्या चहाचं.

हिमाचलातल्या कांगडा भागातल्या पालमपूरहून आम्ही गोणी मागवू लागलो. १९०५च्या भूकंपात कांगड्यातले मळे नि कारखाने उद्ध्वस्त झाले, इंग्रज मळेवाले निघून गेले, चिनी जातीची झुडपं मात्र राहिली. दार्जिलिंगएवढं नाव नाही, म्हणून दर परवडतो.

गिऱ्हाइकांनी हा हिरवा चहा घरी नेऊन दुधाच्या चहासारखा खळाखळा उकळला. कडूजहर! पुड्या परत येऊ लागल्या. त्यातच समोरच्याने (नाव घेत नाही, घेऊन उपयोग काय) चकचकीत खोक्यांतल्या बॅगा मांडल्या, वर 'वजन उतरतं' अशी पाटी. आमच्या गिऱ्हाइकाला गाठून सांगायचा, "त्यांचा माल जुना आहे." त्याच्या बॅगेत नुसती चुरी, चुरीचा कडूपणा तर पाण्यात लगेच उतरतो. पण खोकं दिसतं, चुरी कुठे दिसते? गोणी पडून, उधारी थकलेली, वडिलांनी गाळा विकायला काढला.

तरलो ते सुभेदारआबांमुळे. कांगड्यातल्याच योलच्या लष्करी छावणीत नोकरी झालेली, तिथला चहा प्यालेला माणूस. आमच्याच स्टोव्हवर पाणी उकळायचे, उतरवून तांब्यात ओतायचे, तांब्यातून परत पातेल्यात. ओतता ओतता पाणी ऐंशी अंशांवर येतं, थर्मामीटर लागत नाही. कपाला दोन ग्रॅम पत्ती. ती फुलारलेली असते, चमच्याने अंदाज चुकतो, म्हणून आम्ही आजही छोट्या काट्यावर तोलून दाखवतो. झाकण ठेवून दोन मिनिटं, मग शेवटच्या थेंबापर्यंत गाळायचं. पत्तीत पाणी राहिलं की पुढचा कप बिघडला. आणि हो, पुढचा कप त्याच पत्तीचा, जरा जास्त वेळ ठेवून. दुकानात उभ्या लोकांना आबा हाच दुसरा कप पाजायचे. "आता सांगा, कडू आहे?" पुड्या परत यायच्या थांबल्या.

विचारलं नाहीत तरी सांगतो : डबा घट्ट झाकणाचा घ्या, काचेची बरणी नको. मसाल्याच्या फळीवर किंवा देवघराशेजारी ठेवू नका, पत्ती वास ओढते. लिंबू पिळायचंच असेल तर कप गाळल्यावर. आणि महिनाभराचीच न्या, वर्षाची नको; आमची विक्री कमी झाली तरी चालेल.

समोरच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तरी अधूनमधून एखादा पुडी नाकाशी धरून विचारतोच, "माल जुना नाही ना?"