वीकली ऑफ, म्हणे

"मी काय चेक-आउट करतेय का गं?" आत्या म्हणाली.

कोथरूडच्या घरी, दारात तिला निरोप देताना मी विचारलं होतं, "सगळं व्यवस्थित होतं ना? काही कमी नाही ना पडलं?" वर ते माझं हॉटेल मॅनेजरचं हसू. हात मागे बांधलेले.

आज माझी सुट्टी. सकाळी वेताळ टेकडीवर गेले, फोन घरीच. (फ्रीजवर, पालथा.) पण उतरताना डोक्यात संध्याकाळचं बँक्वेट: 300 पानं, लॉनवर मांडव आणि जूनचं आभाळ.

असिस्टंट मॅनेजरने दिवसभरात एकदाही फोन केला नाही. पोरगी तयार झालीये. खरं सांगू? तेच जरा लागलं. बाईने नोकरीत वर चढताना "सगळं मी बघते" म्हणायची सवय लावून घेतलेली असते, ती सुट्टीला कशी सुटणार?

जिन्यावरून आत्या ओरडली, "चहात साखर कमी होती हं!"

मी पेन शोधायला लागले.