क-११ : लाल डागाचा माणूस झाला

सीडर मेसा पठारावरच्या क-११ (आपल्या नोंदींतला क्रमांक) कपारीतला तो लाल डाग ओघळ नाही. मागच्या दोन नोंदींत ‘लोहाचा पाझर असावा’ असं म्हणून तो बाजूला टाकला होता, तो शेरा आता खोडावा. रुंद खांदे, खाली निमुळतं होत गेलेलं धड, लोंबते हात, लोंबतं उजवं पाऊल: सान हुआन बास्केटमेकर शैलीत (बास्केटमेकर म्हणजे इथले टोपल्या विणणारे प्राचीन लोक) रंगवलेला माणूस, साधारण दीड मीटर उंचीचा. डाव्या खांद्याशेजारी हाताचे पाच ठसे आहेत. सहावाही आहे म्हणायचा मोह होतो, पण तो एकाच कलर स्पेसमध्ये (रंग ताणायच्या एकाच पद्धतीत) दिसतो, म्हणून मोजलेला नाही.

घळीचं नाव नेहमीप्रमाणे इथे येणार नाही. अमेरिकेतलं दक्षिण-पूर्व युटा, बेअर्स इअर्स या राष्ट्रीय स्मारकाची हद्द, दक्षिणाभिमुख कपार, एवढं पुरे.

हा माणूस हाती लागायला तीन फेऱ्या का लागल्या, तेच आज सविस्तर लिहायचं आहे. तिन्ही वेळा वाटलं की डीस्ट्रेचमध्ये (फोटोतले फिके रंग ताणून दाखवणारं सॉफ्टवेअर) चुकीचं बटण दाबलं जातंय, आणि तिन्ही वेळा चूक बटणात नव्हती.

पहिली फेरी फोनच्या जेपीजीवर गेली. जेपीजीत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून माहिती आवळली जाते, आणि बहुतेक फोन रंगाची माहिती उजेडाच्या निम्म्या रिझोल्यूशनलाच साठवतात. डोळ्याला त्याने काही फरक पडत नाही. डीस्ट्रेचचं काम मात्र रंगांतला अगदी किरकोळ फरक ताणून टोकाला नेणं हेच, त्यामुळे ते चौकोनही तेवढ्याच इमानदारीने ताणले जातात. मागच्या नोंदीतली ‘जाळीदार नक्षी’ ही त्या चौकोनांची होती. ती रद्द समजावी. नक्षी सरळ रेषेत, सारख्या अंतरावर आणि फोटोच्या कडेला समांतर असेल तर ती बास्केटमेकरांची नसून फोनची असते.

दुसऱ्या फेरीला रॉ फाइल (कॅमेऱ्याने न आवळलेला मूळ फोटो), ट्रायपॉड, सगळं व्यवस्थित. तरीही एलआरई (लाल रंग उठवणारी डीस्ट्रेचची कलर स्पेस) लावल्यावर भिंतीचा अर्धा भाग किरमिजी, अर्धा निळा, आणि चित्राच्या जागी चिखल. कारण गणितात आहे. हे तंत्र आधी फ्रेममधल्या सगळ्या पिक्सेलची सरासरी आणि रंगांचा आपसातला संबंध काढतं, मग तिन्ही दिशांना रंग सारखे पसरवतं. फ्रेमच्या कोपऱ्यात आकाश किंवा ज्युनिपरची फांदी आली की सगळा ताण त्या निळ्या-हिरव्यावर खर्च होतो आणि फिक्या हेमेटाइटच्या, म्हणजे चित्रातल्या लाल लोहरंगाच्या, वाट्याला काही उरत नाही. म्हणून आधी कापायचं, मग ताणायचं. नुसती भिंत, शक्यतो एकाच प्रकारचा दगड, एकाच प्रकारचा उजेड.

‘एकाच प्रकारचा उजेड’ हीच क-११ ची खरी मेख. समोरची भिंत सकाळी दहापासून उन्हात तापते आणि तिचा केशरी परावर्तित उजेड कपारीत खालून वर शिरतो. वरच्या भागाला मात्र आकाशाचा निळा उजेड. डोळा दोन्हींना पांढरं समजून घेतो, सेन्सर तसं करत नाही. म्यूल कॅन्यनमधल्या ‘हाउस ऑन फायर’ या प्राचीन बांधकामावरचं कातळाचं छत ज्या परावर्तित उजेडाने पेटल्यासारखं दिसतं, तोच उजेड इथे वैरी ठरतो. यावर साधा उपाय म्हणजे ढगाळ दिवस, किंवा समोरच्या भिंतीवर ऊन पोचायच्या आधीची वेळ. त्याने क-११ मध्ये खांद्याची एक कड उमटली. पुढे काही नाही.

मग लक्षात आलं की भिंतीवर चकाकी आहे. पाझराच्या पाण्याबरोबर आलेल्या क्षारांचा पातळ पापुद्रा रंगावर बसलाय आणि तो उजेड आरशासारखा परत फेकतो. खालचा रंग त्या पांढुरक्या चकाकीत बुडून जातो. कोकणातल्या सड्यावरची कातळशिल्पं बघायला सकाळचं तिरकं ऊन पुरतं, कारण तिथे खोदाईला खोली आहे. रंगवलेल्या चित्राला खोली नसते, तिरक्या उजेडाने इथे दगडाचे दाणेच तेवढे उठून दिसतात.

म्हणून तिसऱ्या फेरीला क्रॉस-पोलरायझेशन. फ्लॅशसमोर लिनिअर पोलरायझर फिल्म, लेन्सवर नेहमीचा सर्क्युलर पोलरायझर, आणि दोघांच्या दिशा एकमेकींना काटकोनात. पृष्ठभागावरून थेट परतणारा उजेड आपलं ध्रुवीकरण टिकवून येतो, तो लेन्सच्या फिल्टरला अडतो. रंगाच्या थरात शिरून विखुरलेला उजेड ध्रुवीकरण हरवून बसतो, तो आत येतो. म्हणजे चकाकी बाहेर, रंग आत. लेन्सवर सर्क्युलर चालतो, कारण त्याची पुढची बाजू लिनिअरच असते. फ्लॅशवर मात्र लिनिअरच हवा.

स्वस्त फिल्मविषयी सावधान. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेली पहिली फिल्म काटकोनात धरली तरी काळी व्हायच्याऐवजी गडद जांभळी व्हायची. तो जांभळा प्रत्येक फोटोत उतरला, आणि डीस्ट्रेचने तो इमानदारीने भिंतभर पसरवला. फिल्म आली की लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडून तिच्यातून बघावं. फिरवताना एका कोनात पडदा ठार काळा झाला तर ठेवावी, जांभळट किंवा निळसर राहिला तर परत पाठवावी. दुसरं म्हणजे फिल्म फ्लॅशच्या काचेला चिकटवू नये. पूर्ण ताकदीच्या दहा-बारा फ्लॅशांत ती मधोमध करपते. पुठ्ठ्याची चौकट करून चार-पाच सेंटीमीटर पुढे ठेवली की टिकते.

दोन फिल्टरमुळे मिळून साधारण तीन स्टॉप उजेड जातो, म्हणजे आठवा हिस्साच उरतो. क-११ मध्ये जमलेलं सेटिंग: आयएसओ ४००, एफ/८, १/२०० सेकंद, फ्लॅश पूर्ण ताकदीवर, भिंतीपासून अडीच मीटर. फ्लॅश कॅमेऱ्यावर नाही, काठीला बांधून वर, ट्रिगर रेडिओचा. आधी फ्लॅश बंद ठेवून याच सेटिंगवर एक फोटो घ्यावा. तो जवळजवळ काळा यायला हवा. त्यात भिंत दिसली तर कपारीतला उजेड फ्लॅशमध्ये मिसळतोय आणि सगळी मेहनत वाया जाणार. खोल कपारीत हे सहज जमतं, उथळ कपारीत संध्याकाळची वाट बघावी लागते. जिथे फ्लॅशला मनाई आहे तिथे अर्थातच हा विषय तिथेच संपला.

एवढं करूनही धडाचा खालचा भाग खरखरीतच होता. तिथे अडथळा नॉइजचा, म्हणजे सेन्सरच्या दाणेदारपणाचा. एकेका पिक्सेलमधला रंगीत नॉइजही ताणला जातो. उपाय कंटाळवाणा पण हमखास: कॅमेरा अजिबात न हलवता १६ फोटो, मग त्यांची सरासरी. नॉइज चौथ्या हिश्श्यावर येतो. दोन फोटोंमध्ये दहा सेकंद थांबावं, नाहीतर फ्लॅश तापून ताकद कमी करतो. एनेलूपचे चार रिचार्जेबल सेल १६ फोटोंना पुरले, साध्या अल्कलाइनवर इतक्या वेळा चार्ज व्हायला फ्लॅश फार वेळ घेतो.

घरी आल्यावर: रॉ उघडताना शार्पनिंग शून्य, सगळ्या फ्रेमना एकच व्हाइट बॅलन्स, मग ८ बिट टिफ. इमेजजे (डीस्ट्रेच ज्यात चालतं ते सॉफ्टवेअर) रंगीत चित्र आठ बिटांतच हाताळतं, त्यामुळे १६ बिटचा हट्ट इथे कामाचा नाही. सगळ्या टिफ एका स्टॅकमध्ये घेऊन झेड प्रोजेक्टमधून ‘ॲव्हरेज इंटेन्सिटी’. त्यानंतरच डीस्ट्रेच. लाल रंगासाठी एलआरई आणि वायआरई, फारच फिका असेल तर सीआरजीबी, पिवळ्याला वायवायई, कोळशाच्या काळ्याला वायबीके किंवा एलबीके. स्केल (किती ताणायचं तो आकडा) १५ वरच ठेवला. लोक तो वाढवत बसतात, त्याने आकार वाढत नाही, आत्मविश्वास तेवढा वाढतो.

एलआरईमध्ये माणूस दिसला तरी लगेच नाचायचं नाही. सीडर मेसा वालुकाश्मात लोहाचे नैसर्गिक डाग भरपूर, आणि त्यातून हरीण काय, अंतराळवीर काय, हवं ते काढता येतं. आपल्या तीन कसोट्या इथेही लावल्या. डाग तिरक्या थरांच्या रेषा पाळतो का? पाझराचा डाग थराच्या किंवा भेगेच्या वाटेने जातो, रंग त्या रेषा बेधडक ओलांडतो. क-११ चा खांदा दोन थर ओलांडून गेलाय. दुसरी, निदान तीन कलर स्पेसमध्ये तोच आकार येतो का? आला. तिसरी, कॅमेरा मीटरभर सरकवून पुन्हा काढल्यावर आकार जागीच राहतो का? राहिला. सहावा ठसा दुसऱ्या कसोटीत गळला.

आता यातली सगळ्यांत गोड गोष्ट. माणसाचं डावं पाऊल दिसत नाही, कारण त्यावर चिखलाचा आडवा पट्टा आहे. कड्याला टेकून खोली बांधली की छत जिथे कातळाला भिडतं तिथे असा पट्टा राहतो, खोली कधीच पडून गेली तरी. जवळून घेतलेल्या फोटोत लाल रेघ त्या चिखलाच्या खाली शिरताना स्वच्छ दिसते. म्हणजे चित्र आधीचं, खोली नंतरची. कपारीत उरलेली भिंत दगड रचून, मातीचा गिलावा दाबून केलेली, पुएब्लो ३ या कालखंडाची, म्हणजे इ. स. ११५० ते १३०० मधली दिसते. चित्राची शैली बास्केटमेकर २ ची, जो काळ साधारण इ. स. ५०० ला संपतो. शैलीवरून काढलेलं वय हा एरवी अंदाजच असतो, पण हा चिखलाचा पट्टा त्याच्या बाजूने साक्ष देतो.

आता बेत. पुढची फेरी क-१४ च्या उत्तराभिमुख कोठारांसाठी ठरली होती. दाराच्या शिळा, गिलाव्यात उमटलेली बोटं, मक्याची बोंडं, सगळं तिथे आहे. पण ही नोंद लिहिताना मापं पुन्हा बघितली आणि एक गोष्ट खटकली. ते झाकलेलं पाऊल आजच्या जमिनीपासून २.८ मीटर वर आहे. डोकं त्याहून दीड मीटर वर. खोलीच्या छतावर उभं राहून रंगवलं म्हणावं, तर चित्र खोलीच्या आधीचं. मग रंगवणारा उभा कुठे होता?

शक्यता तीन. ओंडका किंवा शिडी टेकवली. किंवा कपारीतली जमीन तेव्हा उंच होती आणि नंतर वाहून गेली, नाहीतर खणून नेली. या भागात १८९३-९४ च्या हाइड मोहिमेपासून (प्राचीन अवशेष खणून नेणारी मोहीम) पुढे कपारी किती उकरल्या गेल्या ते आपल्याला ठाऊक आहे. किंवा तिथे कातळाचा कट्टा होता, तो कोसळला. आणि चित्राच्या बरोबर खाली दोन मोठ्या शिळा पडलेल्या आहेत, ज्या आजवरच्या प्रत्येक फोटोत आपण नुसत्या कापून टाकल्यात.

हॉर्सशू कॅन्यनच्या ‘ग्रेट गॅलरी’चं वय ठरवताना असाच कोसळलेला दगड कामी आला होता. त्याच्या तळाला शेवटचा उजेड कधी मिळाला ते मोजून ती चित्रं साधारण इ. स. १ ते ११०० या काळात बसवली गेली. ते निष्कर्ष २०१४ मध्ये आले. आपल्याला तसलं मोजमाप करता येत नाही आणि दगड हलवायचा तर प्रश्नच नाही. पण फोटोग्रामेट्री, म्हणजे अनेक फोटोंतून त्रिमितीय मॉडेल, करता येते. त्यामुळे क-१४ पुढे ढकललं. आता क-११ च्या दोन शिळा, वरचा कातळ आणि मधली जमीन, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान ७० टक्के भाग येईल असे दोनेकशे फोटो, १० सेंटीमीटरच्या पट्टीसकट. शिळेची वरची कड आणि कड्यावरचा तुटल्याचा व्रण मॉडेलमध्ये जुळवून बघायचे. जुळले तर कट्टा होता. शिळेच्या उघड्या कडेवर लाल ठिपका मिळाला तर सोन्याहून पिवळं.

ट्रायपॉडचे पाय कुठे ठेवायचे हे आधीच ठरवावं लागेल. शिळांच्या पुढे राखेचा, बोंडांचा उकिरडा आहे, त्यावर ट्रायपॉडचा पाय नाही आणि आपलं पाऊलही नाही. डाव्या बाजूचा उघडा कातळ पुरेसा आहे. तिथपर्यंतही ओढ्याच्या पात्रातूनच जायचं, काळ्या खडबडीत जिवंत मातीवरून (सूक्ष्मजीवांनी बांधलेल्या थरावरून) नाही.

बाकी थोडक्यात. क-७ मधली कोळशाची पुसट अक्षरं एलबीकेमध्ये वाचता येतात का ते बघितलं. दोन अक्षरं आणि एक आकडा लागतो, नाव लागत नाही. हाइड मोहिमेतल्या वेदरिलच्या सह्यांवरून १९९० मध्ये त्याने खणलेली ‘केव्ह ७’ गुहा पुन्हा सापडली, तेव्हापासून प्रत्येक काळ्या रेघेवर लोकांचा जीव अडकतो, पण ही सही कुणा गुराख्याचीही असू शकते.

पाण्याच्या कुंडांत यंदा गाळ फार. पिण्याच्या पाण्याचा फिल्टर दोन लिटरमध्ये तुंबला. चार लिटरला पाव चमचा तुरटीची पूड, ढवळून अर्धा तास ठेवली की गाळ तळाला बसतो आणि वरचं पाणी फिल्टरमधून सुरळीत जातं. फिल्टर तरीही लावायचाच, तुरटीने जिआर्डिया (पोट बिघडवणारा परजीवी) मरत नाही.

फोटोंची प्रत कुणाला हवी असेल तर मिळेल, पण एक्झिफटूलने जीपीएस पुसूनच. मूळ फाइल आणि जागा बीएलएमच्या (सरकारी जमिनी सांभाळणारं खातं) मॉन्टिसेलो कार्यालयाला कळवणार आहोत. मापं घेताना पाऊल ते जमीन हे अंतर एकाच बिंदूवर घेतलं गेलं होतं. यावेळी तीन ठिकाणी घ्यायचं, जमीन उजवीकडे उतरते आहे.