आब्लार आणि आजीचं म्हणणं

काल संध्याकाळी ओट्यावर बसून स्पॅनिशची क्रियापदं पाठ करत होते, आब्लो, आब्लास, आब्ला असं मोठ्ठ्यानं, आणि बाजूला आजी तुरीच्या शेंगा सोलत होती. थोड्या वेळानं विचारते, "काय म्हणून राहिली गं तू मघापासून?"

म्हटलं आजी, आब्लार म्हणजे बोलणं. लिहिताना पुढे एच लावतात पण तो उच्चारत नाहीत. आणि हा मुका एच मला भयंकर आवडतो, कारण तिथे आधी फ होता! मूळ लॅटिन शब्द फाबुलारी, म्हणजे गप्पा मारणं, आणि तो आला फाबुलावरून, फाबुला म्हणजे गोष्ट. जुन्या स्पॅनिशमधे फाब्लार होतं, मग फ चा ह झाला आणि नंतर तो ह पण गेला. फारिना म्हणजे पीठ, त्याचं तसंच आरिना झालं. पोर्तुगीजांनी मात्र फ सोडला नाही, ते अजून फालार म्हणतात.

लॅटिनमधे बोलण्यासाठी रीतसर शब्द होता लोक्वी, पण टिकला तो हा गप्पांचा. फ्रेंच आणि इटालियनमधे पाराबोला, म्हणजे दृष्टांत, यावरून बोलणं आलं, पार्ले आणि पार्लारे. त्याच पाराबोलाचं स्पॅनिशमधे पालाब्रा झालं, म्हणजे शब्द, फक्त र आणि ल नी जागा बदलल्या, आपल्याकडे मतलबचं मतबल आणि नुकसानचं नुसकान होतं ना, अगदी तसंच.

पण खरी मजा पुढे आहे. फाबुलाच्या मुळाशी लॅटिन फारी, बोलणं, आणि भाषाशास्त्रात त्याचं नातं संस्कृत भण् शी जोडतात. भण् चं प्राकृतात भणइ, आणि त्याचंच मराठीत म्हणणे! म्हणजे आजीनं मला जे "म्हणून राहिली" विचारलं त्यातलं म्हणणं आणि माझ्या वहीतलं आब्लार हे लांबचे भाऊबंद निघाले, मला तर अंगावर काटाच आला. आणि भ चा नुसता ह होणं पण आपल्याला नवीन नाही, भवतिचं होणे असंच झालंय.

हे सगळं आजीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, अर्ध्या शेंगा माझ्या ताटात ओतल्या आणि म्हणाली, "म्हणजे तिकडे बी गोष्टी सांगता सांगताच बोलणं आलं म्हण." आणि मग ती लहानपणी इतवारीच्या बाजारात हरवली होती, ती गोष्ट तिनं पहिल्यापासून काढली.