झोपलेल्या संगणकाला दुरून जागे करताना : नेटवर्क ड्रायव्हरमधील सस्पेंडचा माझा अनुभव

पणजीतील पाटो भागातल्या आमच्या कार्यालयात चाचणीसाठी एक लिनक्स संगणक आहे. तो रात्रंदिवस चालू ठेवणे पटत नव्हते आणि पावसाळ्यात मी बहुतेक दिवस साखळी या गावी घरूनच काम करीत असल्यामुळे तो हवा तेव्हा दुरून जागा करता येणे गरजेचे होते. त्याच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, पुरवठादाराकडून मूळ कोडसह आलेला होता. नेटवर्क कार्डाची मांडणी दाखवणाऱ्या ईथटूल या आज्ञेत ‘वेक-ऑन’समोर ‘जी’, म्हणजे मॅजिक पॅकेट या खास संदेशाने जागे होण्याची (वेक-ऑन-लॅनची) परवानगी, व्यवस्थित दिसत असे. पण संगणक एकदा झोपला की कितीही पॅकेट पाठवा, तो ढिम्म हलत नसे.

पॅकेटमध्ये दोष नव्हता, हे आधी तपासले. ‘एफएफ’ या मूल्याचे 6 बाइट आणि पुढे कार्डाचा मॅक पत्ता (त्याची 6 बाइटांची स्वतंत्र ओळख) 16 वेळा, असा तो 102 बाइटांचा मजकूर असतो. हे प्रसारण सहसा राउटर ओलांडत नाही, म्हणून कार्यालयातच सतत चालू असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरून ते सोडण्याची व्यवस्था केली होती. खरी खूण स्विचवर सापडली : संगणक झोपताच त्याच्या पोर्टचा दिवा विझत होता. कार्डातील ‘फाय’, म्हणजे केबलवरचे संकेत सांभाळणारी चिपच बंद होत असेल, तर दाराला कुलूप लावून कानात बोळे घालून झोपलेल्याला हाक मारण्यासारखेच ते होते.

ड्रायव्हरमधले सस्पेंडचे, म्हणजे संगणक झोपताना चालणारे, फंक्शन उघडल्यावर कारण दिसले. वेक-ऑन-लॅन चालू आहे की नाही हे न विचारताच तिथे ‘फाय’ची वीज तोडली जात होती. तिथे अट घातली, शिवाय झोपेत वीज कमी लागावी म्हणून जोडणीचा वेग 10 एमबीपीएसवर उतरवला. दिवा तेवत राहू लागला, संगणक मात्र जागा होईना.

पुढची गाठ अधिक चिवट होती. कार्ड ज्या पीसीआय जोडणीवर बसते तिची स्थिती ड्रायव्हरने स्वतःच जतन केली, की आता पुढचे सगळे ड्रायव्हरच पाहणार असे कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) पीसीआय यंत्रणा धरून चालते आणि कार्डाला डी3 या झोपेच्या अवस्थेत नेण्याचे व जागे करणारा पीएमई संकेत सज्ज करण्याचे आपले काम सोडून देते. जुन्या पद्धतीच्या या कोडमध्ये स्थिती जतन होत होती, पण पीएमई कुणीच सज्ज करीत नव्हते. मी त्या जुन्या ओळी काढून टाकल्या, आणि ईथटूलकडून आलेली निवड ‘डिव्हाइस सेट वेकअप एनेबल’ या फंक्शनद्वारे कर्नललाही कळवली. नुसती ड्रायव्हरच्या रचनेत ती नोंदवून भागत नाही. संगणक त्यानंतर पहिल्या पॅकेटलाच उठला.

चाचणीच्या काळात संगणकाला ठरावीक वेळी उठवणारी ‘आरटीसीवेक’ ही आज्ञा फार उपयोगी पडली : पॅकेट फसले तरी ठरावीक वेळाने संगणक घड्याळावरच उठतो आणि केवळ बटण दाबण्यासाठी साखळीहून पणजी गाठावी लागत नाही. जागे झाल्यावर पॅकेटची पाठवणी अडकत होती, ती पाठवणीच्या रांगा पुन्हा उभ्या करून मगच कार्ड वापरास तयार असल्याचे कर्नलला सांगणारे ‘नेटइफ डिव्हाइस अटॅच’ हे फंक्शन बोलावल्यावर सुटली. पूर्ण बंद केलेल्या संगणकाचा मार्ग मात्र वेगळा. तिथे सस्पेंड नव्हे, ड्रायव्हरचे शटडाउन फंक्शन चालते, त्यामुळे तीच काळजी तिथेही घ्यावी लागली.

उरला प्रश्न विजेचा. गडगडाटी पावसात वीज गेली की मदरबोर्डला मिळणारा 5 व्होल्टचा स्टँडबाय पुरवठाही जातो आणि कार्डाची सज्जता पुसली जाते. ड्रायव्हर कितीही नीट लिहिला तरी इथे त्याचे काही चालत नाही. म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ मांडणीत) वीज परतताच संगणक आपोआप सुरू होईल असे ठेवले आहे. सुरू झाल्यावर तो वेक-ऑन-लॅन नव्याने लावतो आणि काही काम नसल्यास पुन्हा झोपतो. युनिकास्ट, म्हणजे फक्त त्या संगणकालाच उद्देशून आलेल्या कोणत्याही पॅकेटवरही जागे होण्याची सोय द्यावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले होते. ती मी बंदच ठेवली आहे, कारण कार्यालयातल्या कुणीही त्या संगणकाला सहज पिंग केले (तो नेटवर्कवर आहे का हे तपासले) तरी तो उठून बसू शकेल.