वजनकाट्याला न दिसणारं

साठी झाली म्हणून आज तपासण्या करून आले. वजन ५८ किलो, कित्येक वर्षं तेवढंच, म्हणून घरात सगळे खूश. पण परकराची गाठ हल्ली नाडीच्या पार टोकाशी बसते. घरी श्वास सोडून टेप लावली तर कंबर ८६ सेंटीमीटर! आपल्याकडे बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात. वजन तेच आणि कंबर वाढली, म्हणजे बहुधा स्नायू गेले आणि चरबी आली.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे कधीपासून सांगताहेत. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. "मी तर बारीकच आहे" म्हणणाऱ्या प्रत्येकाने तो फोटो बघावा असं मला मनापासून वाटतं.

स्नायू तिशीनंतरच हळूहळू झिजायला लागतात, साठीनंतर जास्तच. आणि आपण काय करतो, तर रात्रीचं जेवण बंद आणि एकादशीला साबुदाणा, ज्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच.

आईचं तर त्याहून काळजीचं. रात्री नुसता चहा-खारी. "या वयात किती ते खायचं गं?" तिच्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकतात. शेजारच्या काकू म्हणतात, हलक्या झाल्या ते बरंच झालं. मला अजिबात बरं वाटत नाही. म्हातारपणी काही न करता वजन उतरत असेल तर त्यामागे दुखणंही असू शकतं. या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेणारच.

प्रथिनं रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे मला साधारण ४८ ग्रॅम. पातळ वरणाने ते कसे भागणार? म्हणून आता मटकीची उसळ, पिठलं, दही, एखादं अंडं. शिवाय हात न टेकवता खुर्चीतून उठबस. चालणं मी सोडणार नाही, पण नुसत्या चालण्याने मांड्यांत जोर येत नाही.

आईला अंडं चालत नाही. तिच्यासाठी मूग भिजत घातलेत, रात्री धिरडी करेन. एक तरी खाल्लं पाहिजे तिने.