जकातीचे किल्ले आणि घोड्यांची वाट

जर्मनीतलं पासाउ मागे पडलं की डॅन्यूब नदी ऑस्ट्रियाच्या वाटेवर गर्द झाडीच्या डोंगरांमध्ये शिरते आणि किल्ले सुरू होतात. क्रेम्पेलश्टाइन, फिख्टनश्टाइन, रानारीडल, मार्सबाख. एक मागे टाकावा तर पुढे दुसरा उभाच. कॉलेजात असल्यापासून मी सह्याद्रीतले किल्ले फिरत आले आहे, त्यामुळे किल्ला दिसला की पहिला प्रश्न मनात येतो, हा इथेच का बांधला असेल? आपल्याकडे उत्तर बहुतेक वेळा एखाद्या घाटवाटेत सापडतं. इथे ते पाण्यात आहे. मीठ, दारू, धान्य, लाकूड भरलेल्या होड्या या नदीतून जायच्या आणि काठावरचा सरदार त्यांच्याकडून जकात घ्यायचा. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आठवा. व्यवहार तोच.

माझी नणंद म्युनिकला नोकरी करते. गेली काही वर्षं तिचा एकच धोशा होता, "वहिनी, तुझे किल्ले आणि माझी सायकल एकाच नदीवर आहेत, तू फक्त विमानात बस." मागच्या सप्टेंबरात शेवटी जमलं. म्युनिकहून पासाउ रेल्वेने दोन-सव्वादोन तासांवर. तिथे भाड्याने सायकली घेतल्या, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना बॅगा अडकवल्या आणि नदी जाईल तिकडे निघालो. पासाउ ते व्हिएन्ना हे अंतर साधारण सव्वातीनशे किलोमीटर आहे. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ या लांबलचक सायकलमार्गाचा हा सगळ्यात लाडका तुकडा. नदीच्या उताराने जायचं असल्यामुळे चढ जवळजवळ नाहीत. वाराही बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणजे पाठीवर. एक दिवस मात्र तो समोरून आला आणि त्या दिवशी सपाट रस्त्यावरही मांड्या भरून आल्या.

या वाटेवर बरीचशी मजल गाड्यांशिवाय होते. पुण्यात सायकल चालवताना अर्धं लक्ष कायम मागून येणाऱ्या हॉर्नकडे असतं. इथे पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझे कान उगाच ताणलेले होते. मग ते सैल झाले. आम्ही दोघी शेजारी शेजारी सायकल चालवत होतो, बोलत होतो, मध्येच गप्प बसत होतो. साताठ वर्षांची मुलं आईबापांच्या पुढे निघून जात होती आणि कुणी त्यांना ओरडत नव्हतं. सत्तरी ओलांडलेली जोडपी तर इतकी भेटली की नणंद म्हणाली, "आईंना पण आणलं असतं गं." खरंच आणता आलं असतं.

या वाटेत गाड्या का नाहीत, याचं उत्तर जुनं आहे. प्रवाहाबरोबर होडी खाली नेणं सोपं, पण भरलेली होडी वर ओढून न्यायची तर घोडे लागायचे. एकामागोमाग बांधलेल्या होड्यांचा तांडा ओढायला तीस-चाळीस, कधी त्याहूनही जास्त घोडे दोराला जुंपत. हे घोडे चालायचे काठाकाठाने, पाण्याला अगदी लागून. म्हणून नदीच्या कडेने एक सलग, सपाट, अरुंद वाट राखलेली असायची. तिला तिथे ट्रेपलवेग म्हणतात. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि घोडे गेले. वाट राहिली. जलमार्गाची देखभाल करणारे लोक ती वापरत राहिले आणि पुढे ती सायकलवाल्यांना मोकळी झाली. आम्ही ज्या डांबरी पट्ट्यावरून चाललो होतो त्याचा बराचसा भाग म्हणजे ही घोड्यांची वाट.

श्लोगन इथे नदीला ग्रॅनाइटचा डोंगर आडवा येतो आणि ती चक्क उलटी फिरते. नकाशावर केसात खोचायच्या आकड्यासारखं वळण दिसतं. सायकली खाली कुलूप लावून ठेवल्या आणि अर्ध्या तासाचा चढ चढून वरच्या कड्यावर गेलो. वरून दोन्ही हातांना तीच नदी दिसते, एकीकडून येणारी आणि दुसरीकडे जाणारी. उत्तर काठावर इथे कड्यांनी वाट अडवली आहे, म्हणून सायकलींसाठी फेरीबोट चालते. आम्ही दक्षिण काठ धरला. इन्त्सेलपासून पुढचा तो पट्टा, एका हाताला जंगल आणि एका हाताला पाणी, माझ्या मते पहिल्या अर्ध्या प्रवासातला सर्वांत सुंदर.

नदी मोकळी वाहते असं मात्र समजू नका. योखेनश्टाइनपासून व्हिएन्नापर्यंत ती बहुतेक ठिकाणी जलविद्युत प्रकल्पांनी अडवलेली आहे. सायकलवाल्याला त्याचा फायदा असा की बऱ्याच बांधांवरून सायकल घेऊन पलीकडे जाता येतं.

लिंझ पटकन ओलांडलं. पुढे माउटहाउझन लागतं. गाव नदीकाठी आहे, नाझींची छळछावणी वर टेकडीवर. नणंद आधी एकदा जाऊन आली होती, ती खाली थांबली. मी गेले. सुमारे १,९०,००० माणसं इथे आणि हिच्या उपछावण्यांमध्ये आणली गेली आणि त्यांतली किमान ९०,००० मेली. खाणीतून दगड पाठीवर घेऊन कैद्यांना १८६ पायऱ्या चढवत. शेजारची ही खाण व्हिएन्ना शहराची होती आणि तिथल्या रस्त्यांना फरसबंदी लागायची. पायऱ्यांच्या माथ्यावर उभं राहिलं की खालची हिरवी दरी दिसते. मी खाली आल्यावर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने वर जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं. दरी सुंदर आहे म्हणून हे वगळून जाणं बरोबर नाही.

ग्राइनच्या पुढे दरी पुन्हा अरुंद होते. इथले भोवरे आणि पाण्यातले खडक होडीवाल्यांचा काळ होते. ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसा हिच्या काळापासून खडक फोडायला सुरुवात झाली आणि इब्स-पेर्सेनबोइगच्या बांधाचं पाणी मागे चढल्यावर उरलेला धोका बुडाला. आज पाणी तिथे इतकं शांत दिसतं की ग्राइनबुर्ग किल्ला कशावर लक्ष ठेवून होता ते सांगावं लागतं.

आणि मग मेल्क. १०८९ सालचा बेनेडिक्टाइन मठ, याकोब प्रांडटाउअरने १७०२ पासून नव्याने बांधलेला, पिवळाधमक, नदीवरच्या खडकावर लांबच लांब पसरलेला. इथून क्रेम्सपर्यंतची पस्तीस-छत्तीस किलोमीटरची दरी म्हणजे वाखाउ. २००० सालापासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. या टप्प्यात बांध नाही. डुर्नश्टाइनजवळ वीजप्रकल्प करायचा घाट घातला गेला होता, पण स्थानिक लोकांनी विरोध केला आणि तो झाला नाही. फरक डोळ्यांना दिसतो. वरच्या टप्प्यांत तळ्यासारखं साचलेलं पाणी इथे पळतं आणि काठाला गोट्यांचे पुळण दिसतात.

मेल्कहून दक्षिण काठाने निघालं की पाण्यातून वर आलेल्या खडकावर शोनब्युल दिसतो. त्यापुढे, नदीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर, आगश्टाइन. मी ज्याच्यासाठी आले होते तो हा किल्ला. इथे मोटाररस्ता सोबतीला असतो, पण सायकलची वाट बहुतेक ठिकाणी वेगळी काढली आहे. पायथ्याशी सायकली ठेवून आम्ही जंगलातून चढलो. चढ खडा आहे, सह्याद्रीत हात-पाय चालवलेल्या माणसालाही घाम फोडणारा.

वर एक अरुंद, लांबट कातळ आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना खडकाचे सुळके. त्या सुळक्यांवरच बांधकाम चढवून किल्ल्याच्या दोन बाजू तयार केल्या आहेत. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. डोंगराने जे दिलं आहे त्यालाच तट समजायचं आणि उरलेल्या फटी चिऱ्यांनी बुजवायच्या, ही रीत मला ओळखीची होती. एकामागे एक दरवाजे आहेत. त्यांतल्या एकावरच्या शिलालेखात १४२९ साल आहे. योर्ग शेक फोम वाल्ड या सरदाराने त्या साली इथे पुन्हा बांधकाम सुरू केलं. आधीचा किल्ला कुएनरिंगर घराण्याचा, बंडापायी मोडला गेलेला. शेकला ऑस्ट्रियाच्या ड्यूककडून प्रवाहाविरुद्ध वर जाणाऱ्या होड्यांकडून जकात घ्यायचा हक्क मिळाला आणि त्या बदल्यात त्याच्यावर एक काम टाकलं गेलं. काठावरची घोड्यांची वाट नीट राखायची.

हे कळलं तेव्हा मी तटावरून खाली बघत होते. नदीच्या कडेला आमची वाट दोऱ्यासारखी दिसत होती आणि तिच्यावर लाल जॅकेट घातलेलं कुणीतरी सायकलवरून चाललं होतं. हा किल्ला आणि ती वाट एकाच सनदेत बांधलेले होते. वाट चांगली तर होड्या येणार, होड्या आल्या तर जकात मिळणार. पुढे शेक लुटारू झाला. कैद्यांना कड्यावरच्या एका चिंचोळ्या कातळावर सोडायचं, एक तर उपाशी मरा नाहीतर उडी मारा, अशी त्याची दंतकथा आहे. त्या कातळाला लोक गुलाबाची बाग म्हणतात. नणंद तिथे कठड्यापर्यंतसुद्धा आली नाही. "वहिनी, तूच बघ आणि मला सांग."

आगश्टाइन उतरून पुढे आर्न्सडोर्फला आलो. पलीकडे श्पिट्झ. दोन्हींच्या मध्ये पूल नाही, फेरीबोट आहे आणि तिला इंजिन लागत नाही. नदीवर उंचावरून एक जाड तार ताणलेली आहे. तारेवर कप्पी फिरते आणि कप्पीला दोराने बोट टांगलेली. नावाडी सुकाणू वळवतो, बोट प्रवाहाला तिरकी होते आणि पाण्याचा रेटाच तिला पलीकडे ढकलतो. आवाज फक्त कप्पीचा आणि बोटीच्या कडेला आपटणाऱ्या पाण्याचा. दोन मोटारी, काही सायकली आणि आम्ही, पाचेक मिनिटांत पलीकडे. मी नावाड्याशेजारी उभी राहून त्याचे हात बघत होते. मध्य प्रवाहात त्याने सुकाणू जरासं सैल सोडलं, काठ जवळ आला तसं पुन्हा आवळलं, एवढंच. बांध झाला असता तर प्रवाह मंदावला असता आणि ही बोट जागच्या जागी उभी राहिली असती.

उत्तर काठावर वाट द्राक्षमळ्यांतून आणि गावांच्या बोळांतून जाते. उतारावर चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी ताली आहेत, पायऱ्यांसारख्या वर वर गेलेल्या. तोडणी सुरू होती. व्हिलेनडोर्फ याच काठावर, श्पिट्झच्या थोडं मागे. १९०८ साली रेल्वेचं काम चालू असताना तिथे सुमारे ११ सेंटिमीटरची दगडी स्त्रीमूर्ती सापडली, तिचं वय अंदाजे तीस हजार वर्षं. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. शाकाहारी मंडळींसाठी सांगते, द्राक्षमळेवाल्यांच्या घरगुती खाणावळींत काळा पाव आणि लिप्टाउअर नावाचं पॅप्रिका घातलेलं चीज मिळतं. आमची दुपारची जेवणं त्यावरच झाली, वर जर्दाळूचा रस.

डुर्नश्टाइनचा किल्ला आता नुसते अवशेष, १६४५ साली स्वीडिश सैन्याने उडवलेला. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ पकडला गेला आणि इथे कैदेत पडला. धर्मयुद्धात पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या अक्रा शहरात त्याच्या माणसांनी ऑस्ट्रियाच्या ड्यूक लिओपोल्डचा झेंडा खाली उतरवला होता, तो राग ड्यूकने असा काढला. राजाच्या सुटकेसाठी मिळालेल्या खंडणीतला लिओपोल्डचा हिस्सा व्हिएन्नाच्या तटबंदीला आणि व्हीनर नॉयश्टाट हे नवं शहर वसवायला लागला. होडीकडून जकात घेणाऱ्यांना राजाच सापडला, तर ते त्याला सोडतील कशाला!

क्रेम्सनंतर दरी संपते आणि डोळ्यांसमोर सपाटी येते. त्सव्हेंटेनडोर्फला वाट एका अणुवीजकेंद्राच्या शेजारून जाते. ते बांधून पूर्ण झालं होतं, पण १९७८ सालच्या सार्वमतात निसटत्या बहुमताने लोकांनी नाही म्हटलं आणि ते कधी सुरूच झालं नाही. त्यापुढे टुल्न, क्लोस्टरनॉयबुर्ग आणि व्हिएन्नाचं डॅन्यूब बेट, जिथून मोटारी न बघता थेट शहरात शिरता येतं.

तुमच्याकडे दोनच दिवस असतील तर बाकी सगळं सोडा आणि रेल्वेने मेल्कला उतरा. दक्षिण काठाने आगश्टाइन, आर्न्सडोर्फहून फेरीबोट, मग उत्तर काठाने डुर्नश्टाइन आणि क्रेम्स. एका दिवसात होण्यासारखं आहे, पण मध्ये श्पिट्झला मुक्काम करा. मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला जर्दाळूला बहर असतो, जुलैत फळं, सप्टेंबरात द्राक्षं. फेरीबोटींच्या वेळा आधी बघून ठेवा, संध्याकाळी त्या लवकर बंद होतात. आणि आगश्टाइनला चढायचं असेल तर सँडल नको, चांगली पकड असलेले बूट घाला.